दोन नंबरची किल्ली

काटेवाल्यांची किल्ली गटारात पडली तेव्हा 'टुबुक' असा आवाज आला, आणि तो ऐकून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. शनिवारची सकाळ होती. गाडी घरासमोर लावली, बटण दाबून बंद केली, पिशवी सावरायला वाकले, आणि हातातली किल्ली लोखंडी जाळीच्या फटीतून सरळ खाली. फट असून असून किती रुंद? दोन बोटं. दुसऱ्या कुणाची असती तर जाळीवर आडवी पडून राहिली असती. पण ज्याने उभ्या आयुष्यात ग्रॅमभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्याच्याच हातून वस्तू अशी अगदी मापाने पडावी, याला काय म्हणायचं? पुढचा तासभर ते रस्त्यावर पालथे पडून, तारेचा आकडा करून गटार ढवळत होते. एक चमचा निघाला, अर्धी चप्पल निघाली. किल्ली काही निघाली नाही.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. हे त्यांचं आडनाव नव्हे, पण चाळीस वर्षं तोच धंदा केल्यावर खरं आडनाव कुणाच्या लक्षात राहणार? बाजारातला प्रत्येक काटा त्यांच्या हाताखालून गेलेला. पारड्यात तपासणीचं वजन ठेवायचं, काटा थांबेपर्यंत श्वास रोखायचा, आणि मापात असेल तर पारड्यावर दोनदा टिचकी मारून म्हणायचं, "बरोबर." बस. त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला की दुकानदार निवांत. आणि नाही निघाला तर दुकानदाराने कितीही गोड बोलावं, काटेवाले ढिम्म हलायचे नाहीत. स्वभावाने माणूस तसा वाईट नाही, पण भयंकर ताठ. बायको म्हणायची, यांच्या मानेत हाड नाही, दांडी आहे.

तर गाडी दारात उभी, कुलूपबंद, आणि किल्ली गटारात. काटेवाल्यांनी चौकशी करून एक नंबर मिळवला, फोन लावला आणि सांगितलं की किल्लीवाला पाठवा. पलीकडून एक बाई म्हणाल्या की सोमवारी सकाळी येते. 'येते' हा शब्द काटेवाल्यांनी कानाआड केला. त्या बाईंनी गाडी कुठली ते विचारलं, कागदपत्रं आणि ओळखपत्र तयार ठेवायला सांगितलं, आणि शेवटी विचारलं की किल्ल्या होत्या किती आणि हरवल्या किती.

"दोन होत्या," काटेवाले म्हणाले. "दोन्ही हरवल्या."

बायको तिथेच भाजी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

आता ही दुसरी किल्ली कुठे हरवली, ते सांगायलाच हवं. ती हरवलेली नव्हतीच. ती त्यांच्या लेकीकडे होती.

एकुलती एक लेक. लहानपणापासून दुकानात वाढलेली, ग्रॅमची वजनं मांडून खेळलेली. मोठी झाली तशी बापाच्या जोडीने काटे उघडायला लागली, आणि बापापेक्षा तिचा हात हलका होता, हे बापालाही ठाऊक होतं. पण एक दिवस तिने काय केलं, नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि त्यावर बापाचं तपासणीचं वजन ठेवलं. दहा किलोचं, पितळी, ज्याच्या जोरावर सगळा बाजार चालायचा ते. आणि चार दुकानदार समोर बसलेले असताना बोलून गेली, "बाबा, हे अकरा ग्रॅम हलकं आहे."

झालं. चाळीस वर्षं हाताळून पितळ झिजतं, त्यात कुणाचा काय दोष? पण काटेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तुझा काटा खोटा आहे, म्हणाले. ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, मग तू खोटी आहेस. चारचौघांत म्हणाले. तिने त्याच संध्याकाळी बॅग भरली. जिना उतरताना ते वरून ओरडले की गाडीची किल्ली ठेवून जा. तिने वर पाहिलंही नाही, आणि किल्लीही ठेवली नाही. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. तेव्हापासून काटेवाल्यांनी घरात तिचं नाव घेतलं नाही, कुणी घेतलं तर उठून गॅलरीत जायचे. कुठे राहते, काय करते, हे विचारलं नाही. लांब कुठेतरी गेली असणार, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. इतकी चिडलेली मुलगी जवळ कशाला राहील?

सोमवारी बरोब्बर दहाला एक पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली आणि तिच्यातून पंचेचाळिशीच्या एक धिप्पाड बाई उतरल्या. काटेवाले त्यांच्या मागे कुणी उतरतंय का बघत राहिले. कुणी उतरलं नाही.

"किल्लीवाला?" त्यांनी विचारलं.

"मीच, काका," बाई म्हणाल्या, आणि आधी कागदपत्रं मागितली.

हे मात्र काटेवाल्यांना आवडलं. बाईंनी गाडीचा नंबर, कागदावरचा नंबर, ओळखपत्रावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा, सगळं ताडून पाहिलं. उद्या कुणीही येऊन ही गाडी माझी म्हणेल, म्हणाल्या, आणि मी किल्ली करून दिली तर मी चोराची भागीदार. काटेवाल्यांनी मान डोलावली. तपासल्याशिवाय हात लावत नाही, म्हणजे बाई आपल्यातली दिसते, असं त्यांना वाटलं.

मग बाईंनी खिशातून एक पोलादी पट्टी काढली. बोटाएवढी लांब, पुढे अगदी बारीक, आणि तिच्या अंगावर खुणा कोरलेल्या. काटेवाल्यांनी चष्मा वर सरकवला. खुणा म्हणजे माप, आणि माप म्हटलं की हा माणूस जेवणावरून उठून येईल. बाईंनी ती पट्टी दाराच्या कुलपात घातली, डोळे मिटले आणि हळूहळू एकेक खाच चाचपायला लागल्या. तोंडाने आकडे म्हणत होत्या. दोन, चार, एक, तीन, तीन, एक. आतल्या खाचा किती खोल आहेत ते त्यांना बाहेरून कळत होतं. काटेवाल्यांनी विचारलं की एका आकड्यात आणि दुसऱ्यात फरक किती. बाई म्हणाल्या, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. आणि तो बोटांना कळतो? कळतो, म्हणाल्या, पण बोलू नका, चुकेल.

काटेवाले गप्प बसले. त्यांना कुणी गप्प बसायला सांगावं आणि त्यांनी बसावं, हे बायकोने पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

ते आकडे बाईंनी व्हॅनमधल्या यंत्राला दिले, आणि यंत्राने कोऱ्या पात्यावर खाचा कोरायला सुरुवात केली. पितळेच्या रंगाचा कीस भुरभुर खाली पडत होता. समोर नमुन्याची किल्ली नाही, साचा नाही, नुसते आकडे, आणि त्यातून गटारात बुडालेल्या किल्लीची जुळी बहीण तयार होतेय! काटेवाल्यांच्या अंगावर काटा आला. बाईंनी पातं फुंकलं, दारात घातलं, फिरवलं. दार उघडलं, आणि त्याबरोबर गाडी जी काही बोंबलायला लागली की आळीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"ओरडू दे," बाई म्हणाल्या. "दाराला पटलंय, गाडीला अजून पटलेलं नाही. चोर समजतेय आपल्याला."

बोंब थांबवून त्यांनी स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, वायरीला हातात धरायचं यंत्र, आणि पुढे बॅटरीला वेगळा चार्जर लावला. काम चालू असताना वीज जरा जरी कमी पडली तर गाडीचं डोकं फिरतं, म्हणाल्या, मग मीही काही करू शकत नाही. काटेवाले वाकून वाकून बघत होते आणि लहान मुलासारखे प्रश्न विचारत होते. बाईंनी कंटाळा केला नाही. नवी किल्ली उघडून आतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दाखवला. गाडी सुरू करताना गाडी याला प्रश्न विचारते, म्हणाल्या, आणि दर वेळी प्रश्न नवा. उत्तर बरोबर आलं तरच इंजिन सुरू. चुकलं तर किल्ली सोन्याची असली तरी उपयोग नाही.

"आणि याचा सेल केवढा असतो?" काटेवाल्यांनी विचारलं.

याला सेलच नसतो, बाई म्हणाल्या. बटणांना असतो, याला नाही. दाणा जवळ आला की गाडीच त्याला थोडी वीज देते, तेवढ्यावर तो जागा होतो, उत्तर देतो आणि पुन्हा झोपतो.

काटेवाले नुसते बघत राहिले. सात वर्षं आपण या गाडीत बसतोय, दर वेळी आपल्या हाताखाली हा सवालजवाब चाललाय, आणि आपल्याला पत्ता नाही. आपण आपले किल्ली फिरवतोय आणि खोकतोय. त्यांना एकदम फार लहान वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही.

एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून त्यांनी आपलं जुनं दुखणंही बाईंपुढे मांडलं. झालं होतं असं, की या गाडीचं मीटर खोटं बोलत होतं. काटेवाले रोज संध्याकाळी गाडीत जाऊन मीटरवरचा आकडा वहीत लिहायचे. का लिहायचे असं विचारू नका, हाताला मोजायची खोड. गुरुवारी ते गाडी नेतच नसत. बाजारातला एक व्यापारी सकाळी दहाला आपल्या गाडीतून त्यांना घाऊक बाजारातले काटे तपासायला न्यायचा आणि चारला आणून सोडायचा. पण दीड वर्षापासून जवळजवळ दर गुरुवारी मीटर चौदा किलोमीटर पुढे गेलेलं असायचं. गाडी दारात उभी. कुलूप लावलेलं. आणि चौदा किलोमीटर! त्यांनी मैलाच्या दगडांवर मीटर तपासलं, अगदी मापात होतं. म्हणजे चालताना खरं आणि उभं असताना खोटं. कंपनीला तीन पत्रं लिहिली. शोरूममधल्या माणसाने सांगितलं की काका, गाडी उभ्या उभ्या चालत नसते. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, उन्हाने होत असेल.

दुसरं एक होतं. बटण दाबून दार उघडलं की कधी कधी ड्रायव्हरची सीट आपोआप 'घुर्र' करत मागे सरकायची आणि आरसे हलायचे. त्याला ते गाडीचा सलाम म्हणायचे. पण हा सलामही रोज नाही, गुरुवारी संध्याकाळी तेवढा.

हे सगळं ऐकताना किल्लीवाल्या बाईंचे हात यंत्रावर थांबले. त्यांनी काटेवाल्यांकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.  बायको आत गेली आणि कुणी न मागता चहा घेऊन आली. 

"काका," बाई म्हणाल्या, "आता नीट ऐका. यंत्र मला दोन रस्ते देतंय. एक म्हणजे सगळ्या किल्ल्या हरवल्या. तो घेतला की गाडी जुनं सगळं विसरते. ही नवी किल्ली तेवढी ओळखेल, आणि जुनी पुन्हा कधी समोर आली तरी ओळख देणार नाही. दहा मिनिटांचं काम. दुसरा रस्ता लांबचा आहे. एक पुसायची, एक ठेवायची. म्हणून विचारते, ती दुसरी किल्ली हरवली आहे की कुणाकडे आहे?"

"हरवली," काटेवाले म्हणाले.

"नक्की? एकदा पुसली की ती नुसतं प्लॅस्टिक."

"विसरू दे," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. काय लक्षात ठेवायचंय?"

आणि तेव्हा बायको बोलली. काटेवाल्यांशी नाही, बाईंशी. म्हणाली, ताई, घाई नसेल तर लांबचाच रस्ता घ्या ना. तिचा आवाज इतका बारीक होता की काटेवाल्यांनी वळून पाहिलं. हिला गाड्यांतलं काय कळतं, असं ते म्हणणारच होते. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्यामुळे म्हणता आलं नाही.

बाई म्हणाल्या की कुठलाही रस्ता घ्यायच्या आधी यादी बघावी लागते. गाडीला कोण कोण ठाऊक आहे ते तिने लिहून ठेवलेलं असतं. त्यांनी बटण दाबलं. यंत्राच्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

"दोन किल्ल्या आहेत. एक नंबरची आणि दोन नंबरची."

"माझ्या घरात दोन नंबरचं काही नाही," काटेवाले सवयीने म्हणाले. या शब्दांवर त्यांचा जुना राग. सगळं आयुष्य दोन नंबरच्या वजनांशी भांडण्यात गेलेलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी यंत्र काटेवाल्यांच्या हातात दिलं. या जातीच्या गाड्या आणखी एक गोष्ट लिहून ठेवतात, म्हणाल्या. कुठली किल्ली शेवटची लागली तेव्हा मीटर किती होतं, ते. वाचा तुम्हीच.

काटेवाल्यांनी चष्मा पुसला. पहिली ओळ: एक नंबर, ४८,२३९. बरोबर. शनिवारी सकाळी, गटाराच्या आधी. दुसरी ओळ वाचायला ते सरसावले. तीन वर्षांपूर्वी मीटर एकतीस हजारांच्या घरात होतं, तसलाच काहीतरी शिळा आकडा दिसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसरी ओळ: दोन नंबर, ४८,२२४.

वही आणायची गरजच पडली नाही. गेल्या गुरुवारी संध्याकाळी स्वतःच्या हाताने हा आकडा त्यांनी लिहिला होता, आणि शेजारी रागारागाने तीन उद्गारचिन्हं काढली होती. बुधवारी अठ्ठेचाळीस हजार दोनशे दहा. गुरुवारी दोनशे चोवीस. चौदा.

 काटेवाले गाडीच्या उघड्या दाराला धरून उभे राहिले. मीटर खोटं बोलत नव्हतं. दीड वर्ष ते बिचारं दर गुरुवारी खरं सांगत होतं, आणि आपण त्याच्याविरुद्ध पत्रं लिहीत होतो. आणि तो सलाम! ती सीट दुसऱ्या कुणासाठी पुढे गेलेली असायची, म्हणून आपण दार उघडलं की मागे यायची. गाडीने काही लपवलं नव्हतं. जे जे होतं ते सगळं तिने मांडून ठेवलं होतं, वाचणाराच ठार आंधळा.  त्यांची लेक या दारात येत होती. या सीटवर बसत होती. त्यांनी ज्या स्टिअरिंगला संध्याकाळी हात लावला, त्याला तिने दुपारी लावलेला होता.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आपल्या चपलांकडे बघत उभी होती.

"सात जायला, सात यायला," ते म्हणाले. "सात किलोमीटरवर काय आहे?"

"तिचं घर," बायको म्हणाली.

सात किलोमीटर! त्यांना वाटत होतं लेक मुलूख सोडून गेली. आणि ती सात किलोमीटरवर. बायको हळूहळू सांगत गेली. गुरुवारी तुमचा व्यापारी कोपऱ्यावर वळला की ती यायची, मला घेऊन जायची, जेवू घालायची आणि तीनच्या आत आणून सोडायची. गाडी घरचीच का नेतेस असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, बाबा मीटर लिहितात ना रोज, कधीतरी विचारतील.

हे ऐकून काटेवाल्यांनी मीटरकडे पाहिलं. दीड वर्ष मुलगी बापाशी त्याच्याच भाषेत बोलत होती, दर गुरुवारी चौदा, दर गुरुवारी चौदा. आणि बाप काय म्हणत होता? काटा खोटा आहे. दुसऱ्यांदा म्हणत होता.

पहिल्यांदाचंही त्यांना ठाऊक होतंच. हे मी आत्ता सांगतोय, कारण त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. ती गेली त्यानंतर महिन्याभराने दुकानाचं शटर आतून ओढून त्यांनी ते पितळी वजन तिच्या काट्यावर ठेवलं होतं. अकरा ग्रॅम कमी. चार वेळा ठेवलं. चारही वेळा अकरा. मग ते वजन त्यांनी फडक्यात गुंडाळून फळीच्या मागे टाकलं आणि गुपचूप नवं आणलं. बाजाराला कळलं नाही, लेकीला कळलं नाही. 'बरोबर' हा शब्द तेवढा त्या दिवसापासून तोंडात जरा जड झाला होता.

"काका," किल्लीवाल्या बाईंनी विचारलं, "काय करू? हरवली की कुणाकडे आहे?"

"हरवली नाही," काटेवाले म्हणाले. "माझ्या लेकीकडे आहे."

बाईंनी मान हलवली आणि लांबचा रस्ता घेतला. एक नंबर पुसला. त्या जागी नवी किल्ली बसवली, मध्ये दोनदा थांबल्या, दोनदा यंत्राला वाट बघायला लावली. काटेवाल्यांना सीटवर बसवून किल्ली फिरवायला सांगितली. त्यांनी श्वास रोखून फिरवली, आणि इंजिन सुरू झालं. काही न झाल्यासारखं, गरीब गाईसारखं. मग बाईंनीच त्यांची सीट आणि आरसे त्यांच्या मापाने लावून या नव्या किल्लीच्या नावावर ठेवले, इंजिन बंद करायला लावलं, यंत्र मात्र बाजूला ठेवलं नाही.

आता निघालात का, असं काटेवाल्यांनी विचारलं. नाही, म्हणाल्या. दोन नंबर ठेवलाय असं यंत्र म्हणतंय, पण यंत्राच्या म्हणण्यावर मी जात नाही. ठेवलेली किल्ली समोर लावून बघितल्याशिवाय मी कुठल्याही गाडीजवळून उठत नाही, माझा नियम आहे. ती किल्ली इथे आणावी लागेल.

 हा तर काटेवाल्यांचाच नियम. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना हेच ऐकवलं होतं की वजन समोर ठेवल्याशिवाय मी बरोबर म्हणणार नाही. दुसऱ्या कशावर ते अडून बसले असते, उद्या बघू म्हणाले असते. यावर कसे म्हणणार?

"नंबर लाव," त्यांनी बायकोला सांगितलं.

तिने फोनकडे न बघताच बोटांनी लावला आणि त्यांच्या हातात दिला. दोनदा वाजला. पलीकडून आवाज आला, "हं, आई." तीन वर्षांनी तो आवाज ऐकला आणि काटेवाल्यांनी मनात जे काही जुळवलं होतं ते सगळं पुसलं गेलं.  

"वजन हलकंच होतं," ते म्हणाले. "अकरा ग्रॅम."

 मग ती म्हणाली, "कुठल्या काट्यावर बघितलंत?"

"तुझ्याच. चार वेळा."  "किल्ली घेऊन ये. तपासायची आहे."

"बंद पडली का?"

"नाही," काटेवाले म्हणाले. "चालू ठेवायची आहे."

तिने फोन ठेवला. किल्लीवाल्या बाई व्हॅनच्या पायरीवर बसून गार झालेला चहा प्यायल्या. बायको उगाच गाडीची काच पदराने पुसत राहिली, पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिली. काटेवाले मात्र सीटवरून उतरले नाहीत. दार लावून घेऊन समोरच्या कोपऱ्याकडे बघत बसले. सात किलोमीटर म्हणजे वाहतूक धरून वीस मिनिटं. रिक्षा मिळायला पाच. ते घड्याळ बघत होते आणि मधेच बघायचं विसरत होते.

कोपऱ्यावर अजून कुणी दिसत नव्हतं, आणि एकदम गाडीचे दिवे लुकलुकले. दोनदा. आरसे हलकेच वळले, खाली झुकले, कुणातरी बुटक्या माणसाच्या डोळ्यांना दिसतील असे. सीटखाली 'घुर्र' झालं आणि सीट काटेवाल्यांना घेऊन पुढे निघाली. हळूहळू, अदबीने, थांबायचं नाव नाही. गुडघे पुढे टेकले, पोट स्टिअरिंगला लागलं, तेव्हा कुठे ती थांबली. आणि मग कोपऱ्यावरून ती आली. चालत नाही, जवळजवळ पळत, किल्लीचं बटण दाबत, हात पुढे केलेला.

किल्लीवाल्या बाई म्हणाल्या, काका, उतरा, अडकलात. काटेवाल्यांनी मान हलवली. उतरायला जागा होती की नाही देव जाणे, पण त्यांना उतरायचंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात वर नेता येत नव्हता. त्या चिंचोळ्या जागेत, लेकीच्या मापात बसून, त्यांनी स्टिअरिंगवर बोटाने दोनदा टिचकी मारली.

"बरोबर," ते म्हणाले.